दोनशे अकरा हरकती

वनिता हावळ यांना किंगुसाकमध्ये चार दिवस राहायचं होतं. मंगळवारच्या बोटीने उतरायचं आणि शनिवारच्या बोटीने परत फिरायचं. या चार दिवसांना गावातल्या दोनशे अकरा माणसांनी लेखी हरकत घेतली.

किंगुसाक ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका लांबलचक खाडीच्या पोटात वसलेलं आहे. म्हणायला शहर, पण वस्ती चार हजारांची. बाहेरून तिथे रस्ता जात नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बोट असते, एरवी हवा बरी असली तर हेलिकॉप्टर. खाडीच्या आतल्या टोकाला हिमनदी समुद्रात उतरते आणि ती बघायला एके काळी कुणीही उठून येई. आता गावाने नियम केला होता. आधी अर्ज करायचा, त्यात येण्याचं कारण लिहायचं. तो अर्ज आठ दिवस मासळीबाजाराच्या भिंतीवर आणि गावाच्या संकेतस्थळावर लागे. तीन हरकती आल्या की अर्ज बाद. बहुतेक प्रवाशांना एकही हरकत येत नसे.

वनिताबाईंनी सगळी आखणी करून ठेवली होती. कोल्हापूरहून मुंबई, मुंबईहून कोपनहेगन, तिथून पुढची दोन विमानं आणि शेवटी अकरा तासांची बोट. किंगुसाकमधल्या दोन्ही अतिथिगृहांना त्यांनी लिहिलं होतं. दोघांनीही खोल्या नाहीत असं कळवलं, संकेतस्थळावर मात्र त्या रिकाम्या दिसत होत्या.

हरकतींची यादी नावांसकट आली. इचलकरंजीच्या घरी त्यांचे पती उमेश ती चष्मा लावून वाचत होते. सदतिसाव्या नावाशी ते थांबले.

"केतकीने सही केलीय," ते म्हणाले. "आपल्या केतकीने."

वनिताबाईंनी ते सकाळीच वाचलं होतं. त्यांनी यादी घडी करून खणात ठेवली आणि उमेशना जेवायला वाढलं. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि पाच वर्षांपासून ती किंगुसाकची सून होती.

गावाचा राग वनिताबाईंवर का होता, हे समजायला त्या खाडीतलं पाणी समजून घ्यावं लागतं. हिमनदी वरून, उन्हाने वितळते अशी आपली समजूत असते. समुद्रात उतरणाऱ्या हिमनदीला खरा धोका खालून असतो. तिथल्या समुद्रात वरचं पाणी थंड आणि गोडसर, म्हणून हलकं. तळाशी मात्र दक्षिणेकडून आलेलं खारट, जड पाणी असतं, तीन-चार अंशांचं. आपले हात त्यात बधिर होतील, पण बर्फाला ते ऊनच. हे पाणी तळातळाने खाडीत शिरतं आणि हिमनदीचा पाया पोखरतं. मग आधार सुटलेला कडा कोसळतो, मागचं बर्फ पुढे सरकतं, आणि जगभरच्या समुद्राची पातळी थोडी थोडी चढत जाते.

त्यावरचा उपाय म्हणजे पडदा. किंगुसाक आणि हिमनदी यांच्या मधे, खाडीच्या तळावर उभा केलेला कापडाचा पडदा. दोनशे मीटर उंच, पाच किलोमीटर लांब, एकमेकांना जोडलेल्या बासष्ट पाटांचा, म्हणजे उभ्या तुकड्यांचा. खालची कडा तळाला नांगरलेली, वरच्या कडेला हवेने भरलेल्या नळ्या. त्याचा माथा पाण्याखाली दीडशे मीटरवर असल्यामुळे बोटी वरून बिनधास्त जात आणि अडे ते फक्त तळाचं ऊन पाणी. हिमरक्षण मंडळ नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तो नऊ वर्षांपूर्वी बसवला. त्याचं कापड वनिताबाईंनी घडवलं होतं. त्या वस्त्रोद्योगातल्या अभियंता. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या या बाईने सहा पदरी कापड आणि ते वितळवून जोडायची पद्धत शोधली, तेव्हा इचलकरंजीत त्यांचा सत्कार झाला होता. पडद्याचे बदली पाट अजूनही उमेशच्याच कारखान्यात विणले जात.

पडदा लागला आणि हिमनदी थांबली. पुढे ती थोडी वाढलीसुद्धा. तिचा जिभेसारखा एक भाग खाडीवर तरंगत पुढे आला. मंडळाने त्याचा फोटो जगभर छापला.

मात्र हिमनदीच्या पायाशी बर्फ वितळे तेव्हा ते गोडं पाणी हलकं असल्याने जोरात वर उसळे आणि तळातलं खत बरोबर घेऊन येई. त्या खतावर शेवाळ वाढे, शेवाळावर कोळंबी, कोळंबीवर हॅलिबट नावाचा मोठा चपटा मासा आणि हॅलिबटवर किंगुसाक. वितळणं थांबलं तशी ती उसळी थांबली. चौथ्या वर्षापासून गळ रिकामे वर येऊ लागले.

केतकी पाण्याची मोजणी करायला मंडळाच्याच नोकरीवर तिथे गेली होती. दोन वर्षांत तिने नोकरी सोडली आणि मिनिक नावाच्या कोळ्याशी लग्न केलं. मिनिकचा थोरला भाऊ नुका खाडीत मासे नाहीत म्हणून ऐन शरदात बाहेरच्या समुद्रात गेला. बोटीवर बर्फाचे थर चढून ती कलंडली. नुका सापडला नाही. त्यानंतर केतकीचे फोन बंद झाले. वाढदिवसाला एक ओळ यायची, तीही वडिलांच्या नावाने.

पण वनिताबाईंना जायचं होतं ते मुलीची समजूत घालायला नव्हे. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये त्यांनी नऊ वर्षं एक टाकी चालवली होती. तिच्यात तीन अंशांचं खारं पाणी आणि त्या पाण्यात वजनं लावून टांगलेल्या पडद्याच्या कापडाच्या दहा पट्ट्या. सामानाने भरलेली प्लास्टिकची पिशवी खुंटीला तशीच लटकवून ठेवली तर तिचा बंद तुटत नाही, पण दिवसेंदिवस लांबत आणि पातळ होत जातो. कापडाच्या शिवणीचंही, म्हणजे त्या वितळवून केलेल्या जोडाचंही, तसंच असतं. वर्षानुवर्षं सारखा ताण राहिला की आतले धागे एकमेकांवरून सरकतात. मार्चमध्ये एका पट्टीची शिवण सुटली. एप्रिलअखेर चार सुटल्या होत्या. वनिताबाईंच्या मूळ गणिताप्रमाणे त्या तीस वर्षं टिकायला हव्या होत्या.

त्यांनी मंडळाला कळवलं. मंडळाचं उत्तर सभ्य भाषेत होतं. नांगरांवरचा ताण रोज मोजला जातो आणि त्यात काहीही फरक दिसत नाही, आपण निवृत्त आहात, गोपनीयतेचा करार मात्र अजून लागू आहे. नांगरांवरचा ताण शिवण सुटेपर्यंत बदलणारच नाही, हे त्यांनी परत लिहिलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. पडद्यालाच टांगलेल्या काही पट्ट्या तपासणीसाठी ठेवलेल्या होत्या. त्यातली एक हातात घेतल्याशिवाय काहीच सिद्ध होणार नव्हतं, आणि त्या पट्ट्या किंगुसाकच्या बोटींशिवाय वर येणार नव्हत्या.

अर्ज फेटाळल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी केतकीला फोन लावला. तिने तो घेतला याचंच त्यांना आश्चर्य वाटलं.

"माफी मागायला येतेयस?" केतकीने विचारलं.

"नाही."

"मग येऊ नकोस. इथे बघण्यासारखं काही शिल्लक नाही."

"शिवण सुटतेय, केतकी. सप्टेंबरच्या वादळात पडदा फाटेल."

"फाटू दे. लोक इथे तो दिवस साजरा करतील."

"कुठे? धक्क्यावर?"

मग वनिताबाईंनी सगळं सांगितलं. पडदा एकदम फाटला तर नऊ वर्षं बाहेर अडलेलं ऊन पाणी एका लोंढ्याने आत जाईल. पुढे आलेली ती तरंगती जीभ एका दमात तुटेल. तिची लाट अर्ध्या तासाच्या आत गावात पोचेल, आणि किंगुसाकची निम्मी घरं पाण्याच्या काठावर आहेत.

"हे तू मंडळाला सांगितलंस," केतकी म्हणाली. "गावाला सांगितलं नाहीस."

"गावाने मला येऊ कुठे दिलं?"

"अर्जात कारण काय लिहिलंस? कौटुंबिक भेट. मी तुझी कौटुंबिक भेट आहे का, आई?"

वनिताबाईंनी खणातली यादी काढून टेबलावर ठेवली.

"आणखी एक विचारते. पडद्याच्या मूळ अहवालात तेराव्या पानानंतर पंधरावं पान येतं. मी नोकरीत असताना ऑफिसची प्रत बघितली होती. चौदाव्यावर काय होतं?"

चौदाव्या पानावर एका समुद्रशास्त्रज्ञाची टीप होती. पाण्याची उसळी तिसऱ्या हिश्शावर येईल आणि चार ते सहा वर्षांत खाडीतले मासे जातील, असं त्याने लिहिलं होतं. हा मुद्दा कापडाच्या अहवालाच्या कक्षेबाहेरचा आहे, असं सांगून मंडळाने ते पान काढायला लावलं. अहवालावर सही वनिताबाईंची होती. त्यांनी ती टीप वाचली होती, एकदा नव्हे, दोनदा. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा एका पारड्यात आणि कधी न पाहिलेलं चार हजारांचं गाव दुसऱ्या पारड्यात, असा विचार करून त्यांनी सही केली होती. तो विचार त्यांना आजही पुरता चुकीचा वाटत नव्हता. गावापासून लपवला, हे चुकलं होतं.

हे सगळं त्यांनी मुलीला जसंच्या तसं सांगितलं.

"अर्जात कारणाचा रकाना आहे," केतकी म्हणाली. "तिथे हे लिही. नावासकट, तारखेसकट. मग बघू." आणि तिने फोन ठेवला.

वनिताबाईंनी आपण लिहिलेला मजकूर उमेशना दाखवला. ते म्हणाले की हे भिंतीवर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळ कापडाचं काम काढून घेईल, आणि करार मोडला म्हणून वनिताबाईंना कोर्टात खेचेल ते वेगळंच.

"तीनशे माणसं या कापडावर जगतात," ते म्हणाले. "त्यांना काय सांगू? माझ्या बायकोला नऊ वर्षांनी एक पान आठवलं?"

"तिकडे चार हजार माणसं झोपेत बुडतील."

"ती तुझी कोण लागतात?"

"तुमची मुलगी आहे त्यांच्यात."

"तिने तुझ्याविरुद्ध सही केलीय, वनिता. सदतिसावी."

वनिताबाईंनी अर्ज पाठवला. त्याच दुपारी उमेश दोन शर्ट आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन कारखान्याच्या ऑफिसात राहायला गेले. आठवड्याने मंडळाची नोटीस आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी कापडाचं काम थांबवल्याचं पत्र. गल्लीतल्या बायका, ज्यांचे नवरे आणि मुलं त्या मागांवर होती, वनिताबाईंना बघून दारं लावून घेऊ लागल्या. एकीने दुधाच्या दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, की बर्फातल्या लोकांचा एवढा पुळका होता तर इथल्यांच्या पोटावर आधी पाय कशाला दिला. वनिताबाई दूध न घेताच घरी आल्या.

दुसऱ्या अर्जाला तीनशे चार हरकती आल्या, पहिल्यापेक्षा जास्त. त्यात केतकीचं नाव नव्हतं. पण गावसभेला नियम बाजूला ठेवून एखाद्याला चौकशीसाठी बोलावता येत असे, आणि सभेने तसं बोलावलं. पत्र चार ओळींचं होतं. मंगळवारी यावं, शनिवारी जावं. राहण्याची सोय शाळेच्या व्यायामशाळेत. गावात एकटीने फिरू नये. सुरक्षेची हमी नाही.

निघताना कोल्हापूरच्या विमानतळावर सोडायला कुणी आलं नाही.

किंगुसाकच्या धक्क्यावर तीस-चाळीस माणसं उभी होती. कुणी ओरडलं नाही, की कुणी पिशवीला हात लावला नाही. वनिताबाई पुढे आल्या तशी ती बाजूला झाली आणि त्या गेल्यावर पुन्हा जवळ आली. केतकी शेवटी उभी होती. ती जाड झाली होती, आणि केस कापलेले होते. वनिताबाईंनी मुलीला साडेपाच वर्षांनी पाहिलं. केतकी म्हणाली, "इकडून," आणि पुढे चालू लागली.

चौकशी दुसऱ्या दिवशी मासळीबाजारातच झाली. बाजार रिकामा होता, पण फरशीला माशांचा वास अजून होता. दुभाषी म्हणून केतकीला बसवलं होतं. समोर गावसभेचे सात जण, मधोमध यूनास, म्हणजे मिनिकचा आणि नुकाचा बाप. सत्तरीचा, जाड मानेचा माणूस. मिनिक दूरच्या मासेमारी जहाजावर होता.

यूनासने पहिला प्रश्न विचारला आणि केतकीने तो मराठीत सांगितला, आवाजात काहीही न आणता. "तो विचारतोय, पान काढलं तेव्हा तुला माहीत होतं का, की मासे गेल्यावर माणसं बाहेरच्या समुद्रात जातील?"

"मासे जातील हे माहीत होतं," वनिताबाई म्हणाल्या. "पुढचा विचार मी केला नाही."

केतकीने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. यूनासने बाहेर हाक मारली आणि दोन माणसं एक लांब, ओली पट्टी घेऊन आत आली. सकाळीच त्यांनी ती पडद्यावरून काढून आणली होती. पट्टी टेबलावर पसरली. वरून ती नव्यासारखी दिसत होती. सभेतला एक जण हसून काहीतरी म्हणाला, तेही केतकीने सांगितलं. बाई खोटं बोलत असेल तर तिला पोहत घरी पाठवू.

वनिताबाईंनी शिवणीचे दोन्ही पदर चिमटीत धरले आणि ओढले. शिवण उघडली. त्यांनी आणखी ओढलं. आवाज झाला नाही, जोर लागला नाही, वीतभर शिवण सरळ उकलत गेली. साठीच्या बाईच्या बोटांना जे जमलं ते वादळाला किती वेळात जमेल, हे कुणालाही भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

मग काम सुरू झालं. वनिताबाईंनी कागदावर चित्र काढलं. प्रत्येक पाटाच्या वरच्या नळीला पाणी आत घ्यायची झडप होती आणि दुरुस्तीच्या बोटीवरून तिची दोरी आकड्याने वर खेचता येई. नळीत थोडं पाणी भरलं की पाट तेवढा खाली बसतो. बासष्ट पाट चाळीस दिवसांत, दोन्ही टोकांकडून आळीपाळीने, थोडे थोडे खाली बसवले तर ऊन पाणी एका लोंढ्याने न येता पातळ थराने येईल. ती जीभ तुकड्यातुकड्याने तुटेल. पडद्याचा खालचा निम्मा भाग मात्र उभा ठेवायचा. हिमनदी थोडी वितळेल, सगळी नाही. मासे येतील की नाही, आले तर कधी, हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं.

पट्टीचे फोटो त्यांनी मंडळालाही पाठवले. मंडळाने नोव्हेंबरच्या बैठकीपर्यंत कशालाही हात लावू नये असं बजावलं. सभेने ते पत्र मोठ्याने वाचलं आणि बाजूला ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी यूनास व्यायामशाळेच्या दारात येऊन उभा राहिला, बरोबर केतकी. तो आत आला नाही. शनिवारची बोट जाईल, पण ही बाई तिच्यावर नसेल, असं त्याने सांगितलं. पहिल्या बोटीवर ती बसेल, रोज. तिचं गणित चुकलं तर लाट आधी तिला भेटली पाहिजे.

"मी पण असेन," केतकी म्हणाली. "पाण्याचं तापमान मोजायला कुणीतरी हवं." ते तिने आधी सासऱ्याला सांगितलं, मग मराठीत.

चार दिवसांसाठी आणलेले कपडे वनिताबाई चाळीस दिवस धुऊन धुऊन घालणार होत्या. रोज सकाळी सहाला बोट निघे. केतकी मागच्या बाजूला तोंड करून बसे आणि दोरीने मापक खाली सोडे. आकडे ती पाठमोरीच सांगे. जेवणाचा डबा एकच असे. वनिताबाईंचं खाऊन झालं की त्या तो फळीवर ठेवत, मग केतकी उचले. उमेशना त्या रोज एक निरोप पाठवत, किती पाट झाले एवढाच. उत्तर येत नसे.

सतराव्या दिवशी दुपारी चोविसावा पाट खाली बसवताना हिमनदीकडून तोफेसारखा आवाज आला. जिभेचा डावा कोपरा, एखाद्या शाळेएवढा, हळूच वाकला आणि पाण्यात गेला. यूनासने बोटीचं नाक लाटेकडे वळवलं. लाट आली ती काळी, गुळगुळीत आणि पुरुषभर उंच. बोट तिच्यावर चढली आणि पलीकडे आपटली. केतकी मापकासकट खाली पडली. वनिताबाईंनी एका हाताने बोटीचा काठ आणि दुसऱ्या हाताने तिच्या जाकिटाची कॉलर धरून ठेवली, लाट जाईपर्यंत. बोट सरळ झाल्यावर केतकीने तो हात बाजूला केला आणि मापक तुटलाय का ते बघितलं.

ते परत आले तेव्हा धक्क्यावर गुडघाभर पाणी येऊन ओसरलेलं होतं. जाळ्यांचे ढीग विस्कटले होते, दोन होड्या उलटल्या होत्या. माणूस एकही गेला नव्हता. लोक ओल्या धक्क्यावर सामान गोळा करत होते, आणि पहिल्यांदाच कुणी वनिताबाईंना वाट करून दिली नाही. त्यांना त्या गर्दीतून अंग चोरून जावं लागलं.

यूनासने बोट बांधली. मग तो त्यांच्याजवळ आला आणि एक प्रश्न विचारला. केतकीने सांगितलं, "तो विचारतोय, जीभ सगळी एकदम गेली असती तर?"

वनिताबाईंनी आजूबाजूला बघितलं. मासळीबाजाराकडे हात केला. मग त्यामागच्या घरांच्या रांगेकडे, मग शाळेकडे, मग त्याच्याही वर, लाल छपराच्या दवाखान्याकडे. तिथे त्यांचा हात थांबला.

यूनास त्या लाल छपराकडे बघत राहिला. नंतर तो बोलू लागला आणि बराच वेळ बोलला. मध्ये दोनदा नुकाचं नाव आलं. एकदा त्याचा आवाज चढला, एकदा पार खाली गेला. बोलून झाल्यावर तो वळला आणि उलटलेल्या होडीकडे गेला.

"काय म्हणाला?" वनिताबाईंनी विचारलं.

केतकी जाकिटाच्या बाहीतलं पाणी पिळत होती.

"उद्या सहालाच निघायचंय."

"एवढंच नव्हतं ते."

"नव्हतं," केतकी म्हणाली. "बाकीचं मी तुला सांगणार नाही."

वनिताबाईंनी मान हलवली. त्या व्यायामशाळेत गेल्या, ओले मोजे काढले आणि पंचविसाव्या पाटाचे आकडे मांडायला बसल्या.